ख्रिस्ती विश्वासाला पुरावा आहे का? एका दिवाणी वकिलाचं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तू लिहिलंयस की तू ख्रिस्ती घरात वाढलास, आता नोकरीसाठी पुण्यात आहेस, रूमवरचे दोघं मित्र रोज वाद घालतात की येशू नावाचा माणूस झालाच नाही, झाला असेल तरी मेलेला माणूस परत उठत नाही, हे सगळं मागाहून रचलंय, आणि तुला उत्तर सुचत नाही. म्हणून विचारतोयस की ख्रिस्ती विश्वासाला खरंच काही पुरावा आहे का, की घरचं आहे म्हणून मानायचं, हो किंवा नाही एवढंच सांगा.

एवढंच नाही सांगता येणार रे. तुला तू म्हणतेय, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी नगर जिल्ह्यात २६ वर्षं दिवाणी वकिली करतेय, वाटपाचे दावे, वहिवाट, बांध, विहिरी, मृत्युपत्रं. कोण खरं बोलतंय आणि कागद काय सांगतोय हे बघण्यातच माझा दिवस जातो. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मंडळीत म्हणजे चर्चमध्ये तरुण मुलांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेते, तिथे हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा नुकतंच बाहेरगावी हॉस्टेलला राहून आलेलं मूल. मी स्वतः विश्वास ठेवते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं हितसंबंधी साक्षीदाराचं आहे असं समजून तपासून घे. आमच्या कायद्यात अशा साक्षीदाराला उडवून लावत नाहीत, फक्त जास्त बारकाईने बघतात, तेवढं तू कर.

आधी प्रश्न नीट मांडू. तू एक प्रश्न विचारलास पण त्यात तीन आहेत. येशू नावाचा माणूस झाला का आणि वधस्तंभावर मेला का, हा एक. तो मेलेल्यातून उठला का, हा दुसरा. आणि मी माझं आयुष्य त्याच्या हाती द्यावं का, हा तिसरा. तुझे मित्र पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारतात आणि आपले लोकही तेच करतात, म्हणून वाद कधी संपत नाही. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे, आणि तिन्हींची ताकद सारखी नाही हे मी आत्ताच कबूल करते.

दुसरं म्हणजे "पुरावा" आणि "शाबीत" या शब्दांचा अर्थ. लोकांना वाटतं शाबीत म्हणजे गणितासारखं, शंकेला जागाच नको. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाबीत या शब्दाची व्याख्या होती आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीच ठेवलीय. ती अशी की समोर आलेलं सगळं बघून कोर्टाला ती गोष्ट खरी वाटते, किंवा इतकी संभवनीय वाटते की शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत ती खरी धरून वागावं. मला ही व्याख्या पहिल्या वर्षी पाठ होती, अर्थ बऱ्याच वर्षांनी कळला. ती माणसाच्या वागण्याबद्दल आहे. आणि कायदा तीन गोष्टी ओळखतो, शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत झालेलं नाही. हा तिसरा खण फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ गोष्टी त्या खणात राहतात आणि तरी माणसाला जगावं लागतं.

आता पहिला प्रश्न. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही कारण इथे खरं तर भांडण नाही. टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार, ज्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, तो साधारण ११६ साली लिहितो की ख्रिस्त नावाच्या माणसाला तिबिर्य कैसराच्या काळात रोमन सुभेदार पंतय पिलाताने मृत्युदंड दिला. जोसेफस हा यहुदी इतिहासकार, साधारण ९३ साली लिहितो की "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ" याकोब याला दगडमार करून मारलं, ही घटना ६२ सालची. जोसेफसच्याच पुस्तकात येशूबद्दल अजून एक उतारा आहे, त्यात नंतरच्या ख्रिस्ती नक्कलकारांनी स्वतःची वाक्यं घुसडलीयत, ते बहुतेक सगळे अभ्यासक मान्य करतात, म्हणून तो उतारा मित्रांना ठासून दाखवू नकोस, याकोबाचा दाखव. पिलाताचं नाव असलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया इथे सापडला. बार्ट एहरमन हा अभ्यासक स्वतः देवाबद्दल अज्ञेयवादी आहे, ख्रिस्ती दाव्यांवर कायम टीका करतो, तोही म्हणतो की येशू होऊन गेला आणि वधस्तंभावर मेला. या प्रश्नावर मी शाबीत असा शेरा मारीन.

आता कागदपत्रांकडे ये. आपले लोक इथे एक चूक करतात. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत, म्हणून तो खरा, असं सांगतात. पाच हजारांचा आकडा बरोबर आहे, पण त्यातली बहुतेक फार नंतरची, मध्ययुगातली आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यावरून फक्त एवढंच कळतं की मजकूर आपल्यापर्यंत बऱ्यापैकी जसाच्या तसा आलाय. सातबाऱ्याच्या शंभर सर्टिफाइड कॉपी काढल्या म्हणून मूळ नोंद खरी ठरत नाही. अर्थात मजकूर नीट आलाय हे काही कमी नाही. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत पपायरसचा एक तुकडा आहे, साधारण एटीएम कार्डाएवढा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला, येशू आणि पिलात बोलतायत तो भाग. (शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान.) तो दुसऱ्या शतकातला धरतात. मी त्याचा फोटो प्रिंट काढून अभ्यासाला नेते आणि मुलांच्या हातात देते. कडा फाटलेल्या, ओळी अर्ध्या तुटलेल्या, पण जेवढी अक्षरं शिल्लक आहेत ती आज तुझ्या हातातल्या योहानात जिथल्या तिथे बसतात. मुलं बोटाने अक्षरं मोजतात आणि गप्प होतात.

आणि याच पुराव्याने हेही दाखवलंय की मार्काच्या १६ व्या अध्यायातल्या ९ ते २० या ओळी सगळ्यात जुन्या दोन पूर्ण प्रतींत नाहीत, आणि व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, जी मला स्वतःला फार प्रिय आहे, तीही योहानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत नाही. हे लपवायचं नाही. बऱ्याच छापील प्रतींत त्या ओळींना कंस किंवा टीप असते, आपण वाचत नाही एवढंच.

आता दुसरा प्रश्न, खरा मुद्दा. लोक थेट चार शुभवर्तमानांपासून सुरुवात करतात, मी करत नाही. मी पौलाच्या पत्रापासून करते कारण ते आधीचं आहे. पौल म्हणजे आधी येशूच्या अनुयायांचा विरोधक असलेला आणि मग स्वतःच अनुयायी झालेला माणूस. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण ५३ ते ५५ सालचं. पौल करिंथमध्ये कधी होता हे आपल्याला बऱ्यापैकी नक्की कळतं, कारण प्रेषितांच्या कृत्यांत तिथला सुभेदार गल्लियो याचं नाव येतं आणि ग्रीसमध्ये डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोची कारकीर्द ५१-५२ च्या सुमाराची ठरते. तर या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे येशूचा मुख्य शिष्य पेत्र याला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना एकदम, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, आणि सगळ्यांच्या शेवटी मला.

आता वकील म्हणून हे कसं वाचायचं. "मला सांगण्यात आलं" म्हणजे ऐकीव. बरोबर. आमच्या कोर्टात ऐकीव पुराव्याला निशाणी नंबरसुद्धा पडणार नाही. पण तो कोणाकडून ऐकला हे गलतीकरांच्या पत्रात आहे, तिथे पौल शपथेवर सांगतो की अनुयायी झाल्यावर तीन वर्षांनी मी यरुशलेमेला गेलो, पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. म्हणजे यादीतल्या दोन मुख्य साक्षीदारांना हा माणूस प्रत्यक्ष भेटलाय, घटनेनंतर पाच-सात वर्षांत. पेत्राकडे पंधरा दिवस राहून दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत बसले असतील असं मला वाटत नाही. म्हणून "शंभर वर्षांनी कोणीतरी रचलं" हे म्हणणं टिकत नाही. ज्यांच्याबद्दल बोलतोय ती माणसं जिवंत असताना, नावं घेऊन, चालू पत्रव्यवहारात हे लिहिलंय. एवढं मी ठामपणे सांगते की येशू मेल्यावर फार लवकर काही माणसांची खात्री पटली की त्यांनी त्याला जिवंत पाहिलं. हे विश्वास न ठेवणारे पुष्कळ अभ्यासकही मानतात. त्यांनी नक्की काय पाहिलं, भांडण तिथे आहे.

तुझे मित्र म्हणतील की शुभवर्तमानांत विसंगती आहेत. आहेत. कबरेवर किती बाया गेल्या, आत एक तरुण होता की दोघं, देवदूत होते की माणसं, मार्क, लूक, योहान तिघांचं वेगळं. लूकमधली येशूच्या जन्मावेळची, क्विरीनिय या सुभेदाराच्या काळातली नावनिशी म्हणजे जनगणना तर अजून कठीण, कारण ती इतिहासात ६ सालची येते आणि ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मला असं लिहिलंय तो इ. स. पू. ४ मध्ये मेला. यावर समर्थनाची बरीच उत्तरं मी वाचलीयत, मला कुठलंच पूर्ण पटलेलं नाही, आणि मी मुलांना तसंच सांगते.

पण विसंगती म्हणजे खोटं का, याचं उत्तर मला एका विहिरीच्या दाव्यात मिळालं. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळीवरून भावकीत भांडण, मी वादीतर्फे. मुद्दा होता १९७२ च्या दुष्काळात विहीर कोणी खोल केली. आमचे दोन साक्षीदार आले आणि दोघांनी एकच वाक्य म्हटलं, शब्दाला शब्द, "वादीच्या वडिलांनी सदर विहीर स्वखर्चाने खोल केली." साध्या शेतकऱ्याच्या तोंडात "सदर" आणि "स्वखर्चाने". न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला घाम फुटला, कारण पक्षकाराने त्यांना पढवून आणलं होतं आणि मला ते आधी कळायला हवं होतं. तिसरी एक म्हातारी होती, डोक्यावर पदर, हातात काठी. तिने वर्ष चुकवलं. मजूर किती होते तेही आधीच्या जबाबाशी जुळेना. पण ती म्हणाली, मी भाकरी घेऊन जायचे, एक दिवस रहाटाचा दोर तुटला आणि गाळाची पाटी खालच्या माणसाच्या खांद्यावर पडली, त्याला बैलगाडीतून नेला, त्या दिवशी भाकरी तशाच राहिल्या. पुढे उलटतपासणीत समोरच्याच साक्षीदाराने दोर तुटल्याचं कबूल केलं. निकालात आमच्या त्या दोघांची साक्ष बाजूला गेली आणि म्हातारीची धरली. वर्ष चुकीचं असूनही.

तेव्हापासून मी शुभवर्तमानं वेगळ्या नजरेने वाचते. तपशील हलतात, गाभा हलत नाही, आणि मधेमधे अशा गोष्टी येतात ज्या रचणाऱ्याने घातल्याच नसत्या. पहिल्या साक्षीदार बाया आहेत. जोसेफस स्पष्ट लिहितो की बायकांची साक्ष धरू नये, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने याच मुद्द्यावर खिल्ली उडवली की एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर यांचा धर्म उभा आहे. रचायचंच होतं तर ज्याने येशूला पुरलं त्या अरिमथाईकर योसेफाला कबरेवर पाठवायचं, तो प्रतिष्ठित माणूस हाताशी होता. आणि मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात बघ, येशू डोंगरावर भेटला, त्यांनी नमन केलं, "पण कित्येकांना संशय वाटला." पढवलेला साक्षीदार असं वाक्य बोलत नाही.

मात्र रिकाम्या कबरेचा पुरावा पौलाच्या यादीइतका भक्कम नाही हे सांगते. पौल पुरलं म्हणतो, कबर रिकामी होती असं शब्दांत म्हणत नाही. वधस्तंभावर दिलेल्यांना पुरतच नसत असंही काही अभ्यासक म्हणतात, पण १९६८ मध्ये यरुशलेमजवळ एका माणसाची टाचेची हाडं मिळाली, त्यात खिळा तसाच होता, आणि ती रीतसर अस्थिपेटीत ठेवलेली होती, म्हणजे निदान काहींना तरी घरच्यांनी पुरलं होतं. मी ही गोष्ट बहुधा खरी या खणात ठेवते.

आता सगळ्यात चांगला विरोधी युक्तिवाद कोणता? प्रेत चोरलं, येशू बेशुद्ध होता, कबर चुकली, यातलं एकही मला पटत नाही. पण भास झाला, हे मात्र गंभीर आहे. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसणं, ऐकू येणं हे खरंच घडतं. माझे वडील गेले त्यानंतर कितीतरी महिने आईला पहाटे ओट्यावर त्यांचा खोकला ऐकू यायचा. एकदा तर ती चहा टाकायला उठली होती, दोन कप काढले होते. मी तिला वेडी म्हटलं नाही आणि ती खोटंही बोलत नव्हती. पण पुढचं बघ. त्याच रविवारी ती उपासनेनंतर दफनभूमीत गेली आणि त्यांच्या कबरेवर फुलं ठेवली. खोकला ऐकला म्हणून ते कबरेतून उठले असं तिच्या मनातही आलं नाही. उलट तो ऐकू आला की ते नाहीत हे तिला जास्तच जाणवायचं. पेत्र आणि याकोब यहुदी होते, त्यांनाही मेलेल्याचा आत्मा वगैरे कल्पना माहीत होत्या, भास झाला असता तर सांगायला शब्द तयार होते. ते म्हणाले तो उठला, शरीराने. आणि उठणं हे त्यांच्या समजुतीप्रमाणे युगाच्या शेवटी सगळ्यांचं एकदम व्हायचं होतं, मधेच एकट्याचं नाही. शिवाय पौल दुःखात नव्हता, तो विरोधक होता, या लोकांना पकडून नेत होता. याकोब भाऊ असला तरी मार्क आणि योहान दोघंही सांगतात की घरच्यांचा येशूवर विश्वास नव्हता. मला भासाचं स्पष्टीकरण पेत्रासाठी शक्य वाटतं, तिघांसाठी मिळून वाटत नाही.

यावर "एवढे लोक मेले, खोट्यासाठी कोण मरेल" हा युक्तिवाद जपून वापर. सगळे प्रेषित हुतात्मे झाले यातला बराच भाग नंतरच्या परंपरेतून आलाय. जब्दीचा मुलगा याकोब, प्रभूचा भाऊ याकोब, पेत्र आणि पौल एवढ्यांबद्दल आपल्याकडे बऱ्यापैकी आधार आहे. आणि त्यावरून ते प्रामाणिक होते एवढंच ठरतं. तसंच "चळवळ टिकली म्हणजे खरी" हेही म्हणू नकोस. सतराव्या शतकात सब्बाताई झ्वी नावाच्या माणसाला यहुदी लोकांनी मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानलं, १६६६ मध्ये त्याने धर्म बदलला, तरी काही अनुयायी त्याला धरून राहिले. माणसं निराशेवर काय काय उभं करतात हे आपण मान्य केलं पाहिजे.

इथपर्यंतचं एकत्र करायचं तर येशूचं जगणं-मरणं शाबीत, शिष्यांची खात्री फार लवकरची आणि खरी, कबर बहुधा रिकामी, आणि या सगळ्याचं मला सापडलेलं सगळ्यात बरं स्पष्टीकरण तो उठला हे आहे. पण "सगळ्यात बरं" हे कोणाला वाटेल ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि हे मी टाळून पुढे जाणार नाही. ज्याच्या मनात देव असण्याची शक्यताच शून्य आहे, त्याला कुठलंही दुसरं स्पष्टीकरण, कितीही ओढाताणीचं असलं तरी, जास्त संभवनीय वाटणार, आणि त्याच्या जागेवरून ते चूक नाही. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये साधारण हेच मांडलं. ज्याला देव असू शकतो असं इतर कारणांनी वाटतं, त्याच्यासाठी हाच पुरावा पुरेसा होतो. त्यामुळे तुझ्या मित्रांशी बोलताना आधी त्यांना विचार की तुमचा आक्षेप पुराव्याला आहे की शक्यतेलाच. शक्यतेलाच असेल तर कबरेबद्दल तासभर बोलून काही होणार नाही, तो वेगळा विषय आहे.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास निघतात, त्या उरकते. येशू काश्मीरला आला होता, हे. नोटोविच नावाच्या माणसाने १८९४ मध्ये लिहिलं की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या आयुष्याचं हस्तलिखित आहे. पुढच्याच वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक तिथे गेले, मठाच्या प्रमुखाने असं काही नाही म्हणून सांगितलं. श्रीनगरच्या रोझाबल या कबरीचा येशूशी संबंध एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी जोडला. दुसरं, येशूला देव केला तो रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेत, हे. तर प्लिनी हा रोमन अधिकारी साधारण ११२ साली ट्राजन बादशहाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव म्हणून गीत म्हणतात. दोनशे वर्षं आधी.

आणि जी कसोटी मित्रांच्या दाव्यांना ती आपल्या दाव्यांना. एका मोठ्या सभेत एका वक्त्याने स्टेजवरून सांगितलं की बायबलात यहोशवाच्या काळात सूर्य थांबला असं आहे, तो हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला. हजारभर लोकांनी हालेलुया म्हटलं. ती गोष्ट साफ खोटी आहे. मी नंतर जाऊन त्यांना सांगितलं, ते म्हणाले ताई, लोकांचा विश्वास वाढतो ना. मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती गोष्ट कॉलेजमध्ये सांगितली आणि पोरांनी तिला मोबाइलवर खोटं असल्याचं दाखवलं, ती पुढचे चार महिने चर्चला आली नाही. खोट्या पुराव्याने हेच होतं, तो पडला की खऱ्यालाही घेऊन पडतो. येशूचा शिष्य थोमा याचं भारतात येणं घे. तिसऱ्या शतकातल्या एका सिरियाक ग्रंथात तो गुंदफर राजाकडे आला असं आहे, आणि त्या गोंडोफेर्नीस राजाची नाणी एकोणिसाव्या शतकात खरंच सापडली. त्यावरून राजा खरा होता हे कळलं. थोमा आला हे शक्य झालं, शाबीत झालं नाही. एवढंच म्हणायचं, आणि तेवढं पुरेसं आहे.

प्रार्थनेने बरं झाल्याच्या साक्षींबद्दलही तू विचारलंयस. देव बरं करतो असं मी मानते. पण माझा धाकटा भाऊ ३४ व्या वर्षी किडनीच्या आजाराने गेला, आणि त्याच्यासाठी आम्ही जितकी प्रार्थना केली तितकी मी आयुष्यात कशासाठी केली नाही. म्हणून बरं होण्याला मी पुरावा म्हणून पुढे करत नाही, कारण मग त्याचं जाणं विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून दाखल करावं लागेल. दुःखाचा प्रश्न हा ख्रिस्ती विश्वासाविरुद्धचा सगळ्यात जड कागद आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढंच आहे की मी ज्याच्यावर विश्वास ठेवते तो स्वतः वधस्तंभावर ओरडला होता की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आणि कोणी इन्शुलिन किंवा डायलिसिस बंद करायला सांगत असेल तर तिथून उठून ये, मग तो कितीही मोठा सेवक असो.

आता तिसरा प्रश्न, आयुष्य त्याच्या हाती द्यावं का. पिन्हास लापिडे नावाचे सनातनी यहुदी विद्वान होते, त्यांनी पुरावा बघून लिहिलं की येशू उठला ही खरी घटना असावी. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत, कारण त्यांच्या मते देवाने त्याला उठवलं याचा अर्थ तो इस्राएलचा मसीहा असा होत नव्हता. म्हणजे बघ, दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणूनही तिसऱ्याला नाही म्हणता येतं. आणि उलट, आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला, ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने हलले, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते हस्तलिखितं मोजत बसले नाहीत, त्यांना तो बोलणारा माणूस भेटला. पंडिता रमाबाईंचं अजून वेगळं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर्सशी त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, पत्रांतून वाद घातला, ऐकून घेतलं नाही, पुढे हिब्रू-ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र स्वतः मराठीत आणलं. आणि मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना भर सभेत प्रश्न विचारत होते ते न पटलेल्या बाजूचे. त्यांनाही मी मूर्ख म्हणणार नाही. तुझे रूममेट त्याच परंपरेतले आहेत, त्यांच्यावर चिडू नकोस.

माझ्याकडे पक्षकार येतो तेव्हा काय करतो सांगते. गावात चौकशी करतो, ही बाई कशी आहे, पैसे खाते का, तारखेला हजर राहते का. दोन वकिलांना भेटून येतो. माझ्यासमोर बसून तासभर प्रश्न विचारतो. पण केस जिंकेपर्यंत थांबून मग वकीलपत्रावर सही करतो असं कोणी करत नाही, करता येत नाही. सही आधी करावी लागते. ती सही आंधळी नसते कारण चौकशी झालेली असते, आणि ती चौकशीतून आपोआपही होत नाही, पेन उचलावं लागतं. आपण मराठी ख्रिस्ती "विश्वास" म्हणतो ना, नव्या करारातला ग्रीक शब्दही भरवसा ठेवणं याच अर्थाचा आहे. मी १९ व्या वर्षी, घरचं म्हणून नाही, स्वतः सही केली. तेव्हा मला वर लिहिलेल्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. चौकशी नंतरही चालू राहिली, अजून चालू आहे, आणि आतापर्यंत सही मागे घ्यावी असं काही सापडलं नाही.

तू काय करायचं ते सांगते. या रविवारी मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढ, मोठ्याने वाचलं तरी दोन तासांच्या आत होतं. अध्याय १६ ओवी ८ ला थांब, जिथे बाया भिऊन पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, सगळ्यात जुन्या दोन पूर्ण प्रती तिथेच संपतात. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय. पेन्सिल घेऊन बस, जिथे खटकेल तिथे खूण कर, उगाच पवित्र पुस्तक म्हणून हात आखडू नकोस. मित्र तयार असतील तर त्यांनाही बसव, त्यांच्या खुणा वेगळ्या असतील आणि त्या तुझ्या उपयोगाच्या असतील. मग त्या खुणा इथे लिही. मी कोर्टातून आल्यावर रात्री नऊनंतर बघते, एकेका खुणेवर बोलू.